मेलरोझकडे पंधरा खेळाडू होते

स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातील रग्बी क्लबच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट सांगणारा एक लांबलचक मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा सारांश असा : मेलरोझ नावाच्या, कोणी ओळखत नसलेल्या खेड्यात नेड हेग हा गरीब खाटीक राहत होता. शेजारच्या गॅलाशील्सने मेलरोझच्या मुलांना आपल्या संघातून हाकलून दिले. गावात रग्बीच्या संघाला लागणारे पंधरा खेळाडूच भरत नव्हते, म्हणून हेगने एकट्याने सात जणांचे रग्बी शोधून काढले आणि एक पैसाही खर्च न करता स्पर्धा भरवली. अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी त्याने स्वतः ट्राय नोंदवला (म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला), तेव्हा हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. जिंकलेला चषक कलकत्त्याहून नेलेल्या रुपयांचा होता, आणि पुढे शंभर वर्षे जगाने या खेळाकडे ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी बोध दिला आहे की, जिद्द असेल तर पैसा लागत नाही.

असले मजकूर रोज येतात आणि ते न वाचता पुढे जाण्याची सवय आता सगळ्यांनाच झाली आहे. हा मात्र माझ्या भाच्याने पाठवला, आणि तोही कौतुकाने नव्हे. तो महाविद्यालयाच्या संघातून रग्बी खेळतो. सामन्याच्या दिवशी मैदानावर डॉक्टर असावा आणि बाहेरगावी जाण्याचा खर्च मिळावा, अशी साधी मागणी त्याच्या संघाने केली तेव्हा आयोजकांपैकी एका गृहस्थांनी उत्तरादाखल हाच मजकूर मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. ज्या खेळात मोकळ्या मैदानावर पूर्ण वेगात धावणाऱ्या गड्याला आडवे पाडायचे असते, त्या खेळाच्या मुलांना ‘मेलरोझकडे कुठे पैसा होता?’ असे विचारले जाणार असेल, तर मेलरोझमध्ये नेमके काय झाले ते सांगणे भाग आहे.

सर्वांत आधी त्या पंधरा खेळाडूंचे पाहू, कारण बाकीची सगळी इमारत त्याच पायावर उभी केलेली आहे. मेलरोझचा क्लब १८७७ मध्ये स्थापन झाला आणि सात जणांची पहिली स्पर्धा २८ एप्रिल १८८३ रोजी ग्रीनयार्ड्स या क्लबच्या मैदानावर झाली. मधली सहा वर्षे हा क्लब हातावर हात ठेवून बसलेला नव्हता, तो पूर्ण संघानिशी सामने खेळत होता. मग खेळाडू सातच का ठरवले? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण ते खुद्द हेगनेच लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने मेलरोझच्या आपल्या जुन्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो स्वच्छ सांगतो की, पैशांची चणचण इतकी होती की क्लब बुडू नये म्हणून काय करावे याचा विचार करून आम्ही डोके शिणवत होतो. तेव्हा एखादी स्पर्धा भरवली तर लोक येतील असे सुचले, परंतु एका दुपारी पंधरा-पंधरा जणांचे अनेक सामने खेळवणे अशक्य असल्याने संघ सात जणांवर आणले. माणसे मिळत नव्हती, असे त्यात कुठेही नाही. अडचण होती ती वेळेची. अनेक संघांना एकाच दुपारी खेळवायचे आणि संध्याकाळच्या आत विजेता ठरवायचा, तर सामना छोटा हवा. आणि तेच खेळाडू त्याच दिवशी दोन-तीन सामने खेळणार, तर मैदानावरची घुसळण कमी हवी. म्हणून प्रत्येक सामना पंधरा मिनिटांचा ठेवला आणि संघात मागे एक फुलबॅक, मध्ये दोन क्वार्टरबॅक व पुढे चार फॉरवर्ड अशी मांडणी केली. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्या माणसाने केलेली ही सोय होती. तिला दारिद्र्याची करुण कहाणी करून टाकण्याची काही गरज नाही.

याच मुद्द्याला लागून आणखी एक गैरसमज आहे. पंधरा हा आकडा जणू दगडावर कोरलेला होता आणि खाटकाने तो मोडून काढला, असा मजकुराचा सूर आहे. प्रत्यक्षात २७ मार्च १८७१ रोजी एडिनबराच्या रेबर्न प्लेस मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात पंधरा-पंधरा जण पहिल्यांदा उतरले ते फेब्रुवारी १८७७ मध्ये, इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या सामन्यात, म्हणजे मेलरोझचा क्लब निघाला त्याच वर्षी. मेलरोझच्या स्पर्धेच्या वेळी आंतरराष्ट्रीय सामन्यांतली ‘पंधरा’ची परंपरा उणीपुरी सहा वर्षांची होती. वीसावरून पंधरावर येताना ज्या पिढीने खेळ बदलताना पाहिला, तिला सात हा आकडा ऐकून घेरी आली असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही. मजकुराच्या सुरुवातीला १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या शाळकरी मुलाने चेंडू उचलून धावून रग्बीला जन्म दिल्याची कथाही जाता जाता दिली आहे. ती कथा एलिसच्या मृत्यूनंतर, १८७६ आणि १८८० मध्ये, मॅथ्यू ब्लॉक्सम या रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्याने ऐकीव माहितीवरून लिहिली होती, एवढे इथे पुरे.

आता तो एक पैसाही खर्च न करण्याचा दावा. मला सर्वांत जास्त चीड याच वाक्याची येते, कारण मुलांच्या तोंडावर फेकले गेले ते हेच वाक्य. ज्या स्पर्धेचा जन्मच गंगाजळी आटल्यामुळे झाला, तिच्यावरून पैसा लागत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे ‘ध’चा ‘मा’ करणे झाले. पैसा लागतो हे मेलरोझच्या मंडळींना पुरते कळले होते म्हणून तर ही सगळी धडपड. त्यांनी काय केले ते पाहा. केवळ रग्बीवर विसंबून न राहता त्यांनी क्रीडामेळावा ठरवला; त्यात धावण्याच्या शर्यती होत्या, चेंडू लाथाडत पळण्याच्या शर्यती होत्या, किक मारण्याच्या स्पर्धा होत्या, आणि सात जणांचे सामने हे त्याचे मुख्य आकर्षण होते. मेलरोझच्या स्त्रियांनी चांदीचा चषक दिला. मजकुरात या स्त्रियांचा उल्लेख औषधालाही नाही. मात्र मेलरोझच्या स्पर्धेतला ‘लेडीज कप’ आजही त्यांचे स्मरण ठेवून आहे. शेजारच्या गावांच्या क्लबांना बोलावणे गेले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, माणसे मैदानापर्यंत पोचतील याची व्यवस्था झाली.

इथे त्या काळच्या वृत्तपत्रातील वृत्तांत उपयोगी पडतो, कारण त्यात आकडे आहेत. त्या दिवशी गॅलाशील्स आणि हॉइक या दोन्ही गावांहून खास गाड्या सोडल्या होत्या. मेलरोझ स्थानकावर दिवसभरात सुमारे १,६०० तिकिटे गोळा झाली. त्यांपैकी ८६२ प्रवासी गॅलाशील्सचे आणि ५०९ हॉइकचे होते. या दोन आकड्यांची बेरीज १,३७१ होते. म्हणजे रेल्वेने आलेल्या दर सात माणसांतली सहा या दोन कापडगिरण्यांच्या गावांतून आली होती, आणि गॅलाशील्स तर जेमतेम सहा किलोमीटरवर. एडिनबराहून हॉइकला जाणारा हा लोहमार्ग १८४९ पासून मेलरोझवरून जात होता. मजकूर ज्याला कोणी ओळखत नसलेले खेडे म्हणतो, ते गाव अशा रीतीने मुख्य लोहमार्गावर होते; शिवाय बाराव्या शतकातला भग्न मठ तिथे आहे, आणि तो पाहायला त्याआधीपासूनच लांबलांबून प्रवासी येत होते. (तो लोहमार्ग १९६९ मध्ये बंद झाला. २०१५ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा सुरू झाला, पण गाडी अलीकडच्या ट्वीडबँकपर्यंतच येते. मेलरोझला आज रेल्वे नाही, हे पाहता १८८३ मधली व्यवस्था अधिकच नजरेत भरते.) खास गाड्या, चषक, शर्यती आणि शेजारच्या गावांचे संघ हे सारे जुळवून आणायला जिद्द लागली असेल यात शंका नाही, पण त्या जिद्दीने हिशेबाची वही उघडली होती, मिटली नव्हती. डॉक्टर मागणाऱ्या मुलांना त्या आयोजकांनी मेलरोझचेच उदाहरण द्यायचे असेल तर ते असे द्यावे : क्लबकडे पैसा नव्हता, म्हणून क्लब चालवणाऱ्यांनी तो उभा केला.

अंतिम सामन्याचे वर्णन हा मजकुरातला सर्वांत हास्यास्पद भाग आहे. शेवटचा क्षण, हेगचा ट्राय, खांद्यावर उचलून घेणारे प्रतिस्पर्धी, डोळ्यांत पाणी. यातले काहीही घडले नाही. जे घडले ते मात्र फार रंजक आहे. अंतिम सामना मेलरोझ आणि गॅलाशील्स यांच्यात झाला. ठरलेल्या पंधरा मिनिटांत कोणालाच आघाडी मिळवता आली नाही, म्हणून आणखी पंधरा मिनिटे खेळायचे दोन्ही संघांनी मान्य केले. या जादा वेळेतली दहा मिनिटे झाल्यावर मेलरोझचा कर्णधार डेव्हिड सँडरसन याने ट्राय नोंदवला. हेग संघात होता, पण ट्राय त्याचा नव्हता. आणि मग मेलरोझच्या सातही जणांनी काय करावे? ट्रायनंतर मिळणारी किक न मारता आणि उरलेली पाच मिनिटे न खेळता ते सरळ मैदानाबाहेर चालते झाले, आणि त्यांनी चषकावर हक्क सांगितला. सामना पूर्ण झालेलाच नाही, अशी हरकत गॅलाशील्सने घेतली. खांद्यावर उचलणे राहिले बाजूला, त्या संध्याकाळी दोन्ही संघांत वाद पेटला होता.

हा आगाऊपणा किती मोठा होता हे त्या काळचा नियम ठाऊक असल्याशिवाय लक्षात येत नाही. आज ट्रायला स्वतःचे पाच गुण आहेत. १८८३ मध्ये गुणांची पद्धत आलेली नव्हती. सामन्याचा निकाल प्रथम गोलांवर लागत असे, आणि गोल समान असले किंवा कोणाचाच गोल नसला तरच ट्राय मोजले जात. ट्रायनंतरची किक खांबांमधून आणि आडव्या दांड्यावरून गेली की गोल मिळे. म्हणजे किक न मारलेला मेलरोझचा ट्राय ही फार तकलादू आघाडी होती. उरलेल्या पाच मिनिटांत गॅलाशील्सने एक ट्राय करून त्याची किक साधली असती, तर एका गोलाच्या जोरावर चषक त्यांच्याकडे गेला असता. मेलरोझच्या खेळाडूंना हे गणित कळत नव्हते असे म्हणवत नाही. ‘आधी ट्राय करील तो जिंकला’ असाच करार होता असे त्यांना खरोखर वाटत होते, की घरच्या मैदानावर, घरच्या स्त्रियांनी दिलेला चषक हातचा जाऊ द्यायचा नाही असे त्यांनी ठरवले होते, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मला दुसरी शक्यता अधिक मानवी वाटते. चषक मात्र मेलरोझकडेच राहिला. या प्रसंगातून खिलाडूवृत्तीचा धडा काढायला फारच निष्पाप मन लागते.

गॅलाशील्सने मेलरोझच्या मुलांना हाकलून दिले, या दाव्यात अर्धे तथ्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. दोन्ही गावांचे खेळाडू आधी एकत्र खेळत होते आणि १८७७ मध्ये मेलरोझवाले वेगळे झाले, हे खरे आहे. परंतु हाकलून दिले म्हणावे तर सीमावर्ती स्कॉटलंडमध्ये आजवर सांगितली जाणारी आख्यायिका नेमकी उलट आहे. खेळाचे ठिकाण गॅलाशील्सला नेण्यावरून बिनसले, तेव्हा मेलरोझच्या मंडळींनी एका रात्री गोलचे खांबच उपटून आपल्या गावी नेले, अशी ती आख्यायिका आहे. तिला त्या रात्रीचा कोणी साक्षीदार नाही आणि तिला पुष्कळ तिखटमीठ लागले असणार. तरीही सहा वर्षांनी चषकावरून झालेला वाद पाहिला, तर दोन्ही गावांमध्ये काही जुने येणे-देणे शिल्लक होते एवढे समजते. आणि ८६२ माणसे तिकीट काढून गॅलाशील्सहून का आली, याचेही एक कारण त्यात सापडते : शेजाऱ्यांशी असलेली चुरस हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी ओढ होती.

‘एकट्या’ हेगविषयी थोडक्यात. हेगचा जन्म १८५८ मध्ये जेडबरा येथे झाला. तो मेलरोझला आला आणि खाटिकखान्यात उमेदवारी करू लागला. ज्या मालकाच्या हाताखाली तो काम शिकत होता, तो मालक म्हणजेच वर आलेला डेव्हिड सँडरसन. इंग्लंडच्या उत्तर भागात कमी खेळाडूंच्या स्पर्धा त्याआधी होत असत आणि सँडरसनने तिकडे असताना त्या पाहिल्या असाव्यात, म्हणून मूळ कल्पनेत त्याचाही वाटा असावा, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. हे सिद्ध झालेले नाही, आणि कल्पना आपल्याला सुचली असे हेग स्वतः लिहितो. त्याचे श्रेय काढून घेण्याचा माझा हेतू नाही. जागतिक रग्बी संघटनेने २००८ मध्ये सन्मानयादीत हेगचे नाव घेतले, तेव्हा त्याच्याबरोबर मेलरोझ क्लबचेही घेतले. ते योग्यच झाले. मजकूर लिहिणाऱ्याला मात्र एकच नायक हवा होता, म्हणून मालक-कर्णधार गायब झाला आणि त्याचा ट्राय उमेदवाराच्या नावावर चढला.

कलकत्त्याच्या रुपयांचे प्रकरण मराठी वाचकाला सर्वांत आधी पटेल, म्हणून तेही निस्तरावे लागते. रुपये वितळवून केलेला रग्बीचा एक चषक खरोखर आहे, पण त्याचा मेलरोझशी काडीचाही संबंध नाही. कलकत्ता फुटबॉल क्लब हा तिथल्या ब्रिटिशांचा रग्बी क्लब १८७३ मध्ये निघाला आणि काही वर्षांतच सदस्यांअभावी बंद पडला. तेव्हा जी. ए. जेम्स रोथनी या पदाधिकाऱ्याच्या सूचनेवरून बँकेतली शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढून घेतली गेली, ते २७० रुपये वितळवून चषक घडवला गेला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला गेला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळतात. मजकुरात ‘लुटलेले रुपये’ असा शब्दप्रयोग आहे. ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून काय काय नेले हा मोठा आणि गंभीर विषय आहे. पण हे २७० रुपये त्या क्लबच्या सदस्यांच्या खात्यातले होते, आणि मेलरोझच्या स्त्रियांनी दिलेला चषक हा नव्हेच.

राहता राहिली ती शंभर वर्षांची उपेक्षा. १८८४ मध्ये गॅलाशील्सने स्वतःची सात जणांची स्पर्धा सुरू केली. चषकावरून भांडून जेमतेम वर्ष झाले होते. १८८५ मध्ये हॉइकने सुरू केली, आणि त्याच वर्षी गॅलाशील्सची स्पर्धा टाइनडेल या इंग्लंडमधल्या क्लबने जिंकली. १९२६ मध्ये लंडनजवळ मिडलसेक्स सेव्हन्स सुरू झाली. १९७६ मध्ये हाँगकाँगची स्पर्धा आली. १९९३ मध्ये एडिनबराला पहिला विश्वचषक झाला आणि त्याच्या चषकाला मेलरोझचेच नाव दिले गेले. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये सात जणांच्या रग्बीचा समावेश झाला, तेव्हा पुरुषांचे सुवर्णपदक फिजीने आणि स्त्रियांचे ऑस्ट्रेलियाने पटकावले. खेळ सीमावर्ती स्कॉटलंडबाहेर रुजायला वेळ लागला हे खरे, परंतु ढुंकूनही न पाहण्याची शंभर वर्षे यात कुठे बसवायची ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवून द्यावे. भाच्याला मी हे सगळे लिहून पाठवले आहे, आणि त्या आयोजकांपुढे फक्त तिकिटांचे आकडे आणि हेगचे ते एक वाक्य वाच, असे सांगितले आहे.